डेल्को : एका ठिणगीचा इतिहास

रत्नागिरीसारख्या गावातील जुन्या गॅरेजात ‘डेल्को’ हा शब्द हमखास कानावर पडतो. भर पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू होत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत आली आहे, अशा वेळी मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि पहिली सूचना देतो ती डेल्कोचे झाकण काढण्याची. झाकण काढायचे, कोरड्या फडक्याने आतबाहेर पुसायचे, पुन्हा बसवायचे. पुष्कळदा एवढ्यावर गाडी सुरू होते.

गाडी अँबॅसिडर असेल, स्टँडर्ड हेराल्ड असेल किंवा एखाद्या वाड्यात जपून ठेवलेली मॉरिस मायनर असेल. या सर्व गाड्या मूळच्या इंग्लंडच्या. त्यांच्या मूळ विद्युत्‌सामग्रीवर नाव असे ते बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीचे. ‘डेल्को’ हे मात्र अमेरिकेतील डेटन या शहरातल्या एका छोट्या कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांपासून झालेले नाव आहे. इंग्रजी गाडीतील इंग्रजी कंपनीच्या भागाला कोकणातला मेकॅनिक अमेरिकन नावाने का ओळखतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण त्याच्या मागे गेले की मोटारीतील ठिणगीचा जवळजवळ सगळा इतिहास हाती लागतो; आणि गाडी का बंद पडली हेही कळू लागते.

पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले गेले की ते नेमक्या क्षणी पेटवावे लागते. त्यासाठी प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडली पाहिजे. बॅटरी तर १२ व्होल्टची. १२ व्होल्टने प्लगमधील अर्धा-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडता येत नाही; त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. ते मिळवायचे तर दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, वाहता प्रवाह एकदम तोडणे. दुसरी, तोडल्यामुळे निर्माण झालेला प्रचंड विद्युत्‌दाब प्लगपर्यंत वाटेत कोठेही न गळता पोचवणे. आमच्या मते जुन्या गाडीच्या ठिणगीतील जवळजवळ प्रत्येक बिघाड या दोहोंपैकी एका ठिकाणी बसवता येतो. पहिली गोष्ट शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सोडवली. दुसरीची परीक्षा कोकणचा पाऊस घेतो.

फॅरेडे यांनी १८३१ च्या ऑगस्टमध्ये लोखंडी कड्यावर दोन कुंडले गुंडाळून केलेला प्रयोग आपण दहावीच्या आसपास शिकवतोच. पहिल्या कुंडलातील प्रवाह सुरू करताना आणि बंद करताना दुसऱ्या कुंडलाला जोडलेल्या मापकाची सुई हलली. प्रवाह एकसारखा वाहत असताना हलली नाही. यातील ‘बंद करताना’ हा भाग आपण वर्गात जरा घाईने उरकतो. मोटारीच्या दृष्टीने सर्व महत्त्व त्यालाच आहे. प्रवाह जितका एकाएकी थांबेल तितके चुंबकीय क्षेत्र झपाट्याने कोसळेल आणि दुसऱ्या कुंडलात तितका अधिक विद्युत्‌दाब निर्माण होईल.

आयर्लंडमधील मेनूथ येथे शिकवणारे पाद्री निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये या तत्त्वावर पहिले प्रभावी प्रवर्तन कुंडल बनवले. पुढे पॅरिसमध्ये उपकरणे बनवणारे मूळचे जर्मन कारागीर हाइनरिख रूमकोर्फ यांनी १८५१ च्या सुमारास त्यात मोठी सुधारणा केली. त्यांनी दुसऱ्या कुंडलासाठी अतिशय बारीक आणि कित्येक किलोमीटर लांब तार वापरली. शिवाय तारेचे वेढे एकमेकांपासून आणि गाभ्यापासून नीट अलग राखण्याकडे त्यांनी कसोशीने लक्ष दिले. या कामासाठी १८६४ मध्ये त्यांना ५०,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. पुष्कळ शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत लाकडी पाटावर बसवलेले, दोन पितळी दांड्यांचे जे कुंडल असते ते यांचेच. मोटारीतील डब्यासारखी काळी किंवा चंदेरी ‘कॉइल’ म्हणजे त्याचीच तेलात बुडवलेली, दाटीवाटीने गुंडाळलेली आवृत्ती होय. कपाटातले कुंडल आणि फाटकाबाहेर उभी असलेली मोटार यांचे हे नाते पाठ्यपुस्तकाने सहसा सांगितलेले नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

रूमकोर्फ यांच्या कुंडलात एक उणीव होती. प्रवाह तोडायला दोन धातूची टोके एकमेकांपासून दूर करायची. पण ती दूर होऊ लागली की त्यांच्यातच ठिणगी पडे. ठिणगीतून प्रवाह वाहतच राही, म्हणजे तो एकदम तुटत नसे. यावर १८५३ मध्ये इपोलित फिझो यांनी उपाय सुचवला. दातेरी चाकाच्या साहाय्याने १८४९ मध्ये प्रकाशाचा वेग मोजणारे ते हेच फिझो. त्यांनी त्या दोन टोकांना समांतर एक धारित्र जोडायला सांगितले. टोके उघडू लागली की प्रवाहाला क्षणभर धारित्रात शिरायला वाट मिळते. तेवढ्यात टोके पुरेशी दूर जातात आणि त्यांच्यात ठिणगी पडत नाही. प्रवाह झटकन थांबतो आणि दुसऱ्या कुंडलातील विद्युत्‌दाब कितीतरी वाढतो.

मोटारीत ही दोन टोके म्हणजे ‘पॉइंट’ आणि ते धारित्र म्हणजे ‘कंडेन्सर’. अंगठ्याएवढा पत्र्याचा हा डबा सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. पॉइंट उघडले की प्राथमिक कुंडलात क्षणभर सुमारे ३०० व्होल्ट उत्पन्न होतात. दुसऱ्या कुंडलातील वेढे पहिल्याच्या साठ ते शंभर पट असल्याने प्लगच्या तारेवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो. कंडेन्सर निकामी झाला तर काय होईल, हे फिझो यांची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी न बघता सांगू शकेल : पॉइंटवर निळी-पिवळी ठिणगी फडफडेल, प्लगवरची ठिणगी अशक्त होईल आणि पॉइंट जळून काळे पडतील. मेकॅनिक आणखी एक खूण पाहतो. कंडेन्सर योग्य धारितेचा नसेल तर एका टोकावरची धातू उडून दुसऱ्यावर बसते. एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे बारीकशी टेकडी तयार होते. पॉलिश पेपरने टेकडी घासून काही दिवस भागते, पण कंडेन्सर तोच राहिला तर टेकडी पुन्हा उगवते.

पॉइंटमधील फटीला एवढे महत्त्व का, याचा एक छोटा हिशेब करून पाहू. चार सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असेल तर दर फेऱ्याला दोन, म्हणजे मिनिटाला ६,००० आणि सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला सेकंदाचा शंभरावा भाग येतो, आणि त्याच्याही साधारण दोनतृतीयांश काळच पॉइंट मिटलेले असतात. एवढ्या वेळात कुंडलात पुरेसा प्रवाह वाढला पाहिजे. फट जास्त ठेवली तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो आणि वेगात ठिणगी कमजोर पडते. उलट पॉइंट उचलणारी फायबरची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. मग गाडी चालते पण चढावर ओढत नाही, इंजिन तापते. अँबॅसिडरच्या जुन्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला ही फट इंचाचे १४ ते १६ हजारांश, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. गेजशिवाय नुसत्या डोळ्यांनी ती लावणारे मेकॅनिक आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही गेज वापरलेला बरा.

आता पुन्हा इतिहासाकडे. एतिएन लन्वार यांनी १८६० मध्ये पॅरिसमध्ये जे वायुइंजिन बनवले त्यात रूमकोर्फ यांचे कुंडल आणि चिनी मातीत बसवलेला प्लग होता. म्हणजे विजेच्या ठिणगीची कल्पना अगदी सुरुवातीपासूनची आहे. पण ती भरवशाची नव्हती. निकोलाउस ऑटो यांनी १८७६ च्या आपल्या प्रसिद्ध इंजिनात ठिणगीऐवजी जळती ज्योत वापरली. गॉटलिब डाइमलर यांनी बाहेरून तापवून लाल केलेली नळी सिलिंडरला जोडली. कार्ल बेंझ यांनी मात्र १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि थरथरणाऱ्या पॉइंटचे कुंडलच ठेवले. मोटार बनवताना मिश्रण पेटवणे हीच सर्वांत बिकट समस्या आहे असे त्यांचे मत होते.

त्या काळच्या बॅटऱ्या चालत्या गाडीत चार्ज होत नसत. म्हणून बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला महत्त्व आले. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या व्यावसायिकासाठी मोटार-ट्रायसिकलवर मॅग्नेटो बसवून दाखवला आणि १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग तयार केला. हा मॅग्नेटो इतका सरस ठरला की ब्रिटनमधील मोटारउद्योग त्यावर विसंबला. १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झाले आणि पुरवठा तुटला. सैन्याच्या मोटारी, विमाने सर्वांना मॅग्नेटो हवे होते आणि घरी ते बनवणारे कारखाने अगदी थोडे. सायकलचे आणि मोटारीचे दिवे बनवून नावारूपाला आलेल्या ल्यूकस कंपनीने त्याच वर्षी मॅग्नेटो बनवणारी थॉम्सन-बेनेट ही कंपनी विकत घेतली. ल्यूकसचे ठिणगीच्या व्यवसायातील बस्तान असे युद्धाच्या निकडीने बसले.

तिकडे अमेरिकेत वेगळी वाट निघाली होती. रोकड मोजण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात काम केलेले चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये डेटन येथे ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिचेच संक्षिप्त नाव डेल्को. त्या वेळी फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत चार सिलिंडरांसाठी चार लाकडी पेट्यांत चार थरथरती कुंडले असत आणि प्रत्येक वेळी ठिणग्यांची माळच पडे. केटरिंग यांनी एकच कुंडल आणि इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमने उघडणारे एकच पॉइंट वापरले : एका वेळी एकच ठिणगी, पण नेमक्या क्षणी. ती कोणत्या सिलिंडरला द्यायची हे एक फिरते बोट ठरवू लागले. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ही पद्धत आली. दोन वर्षांनी त्यांचाच विजेवर चालणारा स्टार्टर आला. गाडीत बॅटरी आणि डायनॅमो कायमचे झाले, आणि बॅटरी कायमची झाल्यावर मोटारीत मॅग्नेटोची गरज उरली नाही. १९३० च्या सुमारास ब्रिटनमधील स्वस्त गाड्यांनीही हीच पद्धत घेतली. ल्यूकसचा डिस्ट्रिब्यूटर म्हणजे केटरिंग यांच्या कल्पनेचे इंग्रजी रूप होय.

डेल्को पुढे जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. मुंबईच्या आणि पर्यायाने कोकणच्या मेकॅनिकांची पहिली पिढी अशा गाड्यांवर हात बसवूनच तयार झाली असणार. तेथून हे नाव त्यांच्या तोंडी बसले आणि पुढे ते कोणत्याही कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरला लागले, असा आमचा तर्क आहे. डालडा या शब्दाचे असेच झाले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. केवळ सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या कंपन्यांना सरकारी धोरणात जागा उरली नाही आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सने येथील काम बंद केले. हिंदुस्तान मोटर्सने मॉरिसच्या गाड्या उत्तरपाडा येथे बनवायला घेतल्या होत्या; मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस अँबॅसिडर आली आणि थेट मे २०१४ पर्यंत निघत राहिली. मद्रासला स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड १९६१ मध्ये आली. त्याच वर्षी मद्रासलाच ल्यूकस-टीव्हीएस स्थापन झाली आणि कॉइल-डिस्ट्रिब्यूटर देशात बनू लागले. प्लगसाठी बंगळूरची मायको ही कंपनी त्याआधीच, १९५१ मध्ये, निघालेली होती. १९१४ मध्ये ब्रिटनला जे घाईघाईने करावे लागले ते आपण सवडीने केले, असे म्हणता येईल.

म्हणजे रत्नागिरीच्या रस्त्यावर जी अँबॅसिडर धावत होती तिची ठिणगीची रचना इंग्लंडच्या हवामानासाठी आखलेली होती. पाऊस इंग्लंडातही पडतो. पण रत्नागिरीचे गणित वेगळे आहे. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. त्यातच समुद्र जवळ. लाटांच्या तुषारांतून हवेत गेलेले मिठाचे सूक्ष्म कण प्रत्येक वस्तूवर बसतात, तसे डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर आणि तारांवरही बसतात.

येथे रसायनशास्त्राचा एक साधा धडा उपयोगी पडतो. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील पाणी शोषून स्वतः विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेला पाझरू लागते. स्वयंपाकघरातल्या खड्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटते ते याचमुळे. तेव्हा रत्नागिरीत गाडी छपराखाली उभी असली, तिच्यावर पावसाचा थेंबही पडला नसला, तरी झाकणावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो. आणि खारे पाणी वीजवाहक. वीस हजार व्होल्टला एवढी वाट पुरते. प्लगची फट ओलांडण्यापेक्षा त्या पापुद्र्यावरून इंजिनाच्या लोखंडात उतरणे सोपे पडते. अंधारात बॉनेट उघडून पाहिले तर तारांच्या कडेने निळसर सळसळ दिसते ती हीच.

एकदा वाट पडली की प्रकरण तेथे थांबत नाही. गळणाऱ्या ठिणगीच्या उष्णतेने झाकणाचे बेकलाइट जळते आणि मागे कोळशाची केसाएवढी बारीक रेघ उरते. कार्बन वीजवाहक असल्यामुळे आता पाणी सुकले तरी वाट कायम राहते. पहिल्या पावसात पुसून चालणारी गाडी ऑगस्टमध्ये पुसूनही चालत नाही, याचे कारण बहुधा ही रेघ. पेन्सिलीने मारलेल्या रेघेसारखी ती दिसते; नवशिक्या ती खोडायला जातो, जाणता झाकण बदलतो. ठिणगीमुळे झाकणाच्या आतल्या हवेत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. दमटपणाशी त्यांचा संयोग होऊन आम्ल बनते. पितळी टोकांवरची हिरवट पूड त्याची साक्ष आहे.

यात भर पडते ती बॅटरीची. सेल्फ मारताना स्टार्टर इतका प्रवाह खेचतो की १२ व्होल्टची बॅटरी ९ व्होल्टवर, जुनी असेल तर ८ वर येते. कुंडलात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ९ व्होल्टला ती निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे ५६ टक्के, आणि ८ व्होल्टला ४४ टक्के उरते. म्हणजे झाकण सर्वांत ओले असते त्या सकाळच्या घटकेलाच ठिणगी सर्वांत दुबळी असते. म्हणून अशा गाड्या धक्का मारून सुरू होतात. धक्क्याने बॅटरीला कसलीही चेतना मिळत नाही, फक्त स्टार्टरचा भार टळतो आणि कुंडलाला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. नंतरच्या गाड्यांत कमी व्होल्टची कॉइल आणि तिच्या वाटेत एक रोधक घालून, सुरू करताना तेवढा रोधक वगळण्याची युक्ती आली.

सुरू झालेली गाडी हातखंब्याहून पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाटाला लागली की दुसऱ्या प्रकारचे दुखणे वर येते. सपाटीवर सुरेख चाललेली गाडी चढावर दम टाकते, ‘मिसिंग’ मारते. चालक म्हणतो, “ठिणगी तर आहे, मी प्लग काढून पाहिली.” त्याचे पाहणे खरे असते, निष्कर्ष मात्र अपुरा. फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले, की वायूतून ठिणगी पडायला लागणारा विद्युत्‌दाब हा केवळ फटीच्या अंतरावर नव्हे, तर वायूचा दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. उघड्या हवेत प्लगच्या फटीला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा कित्येक पट दाबलेली असते. तेथे त्याच फटीला कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. आणि चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण अधिक भरते, दाब आणखी वाढतो. सपाटीला पुरणारी दुबळी ठिणगी घाटात कमी पडते ती अशी. म्हणून जुने मेकॅनिक प्लगवरची ठिणगी पाहण्यावर समाधान मानत नाहीत. प्लगची तार इंजिनापासून पाव इंच दूर धरून ठिणगी तेवढे अंतर उडी मारते का ते पाहतात. अंतर दहा पट करून त्यांनी दाबाची उणीव भरून काढलेली असते.

घाटातच दिसणारा आणखी एक प्रकार म्हणजे गाडी तापल्यावर बंद पडणे आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होणे. कॉइलच्या आतले रोधन तापून फुटत असेल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर गळत असेल तर असे होते. पण पेट्रोलची नळी तापून आत वाफ कोंडली तरी अगदी असेच होते. दोन रोगांचे लक्षण एक. निदान करायचे तर गाडी बंद असतानाच, थंड होण्यापूर्वी, ठिणगी तपासावी लागते. ठिणगी जोरकस असेल तर पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकावे. नसेल तर कॉइलला हात लावून पाहावा. सावलीत बसून चहा घेतल्यावर कोणतेही निदान होत नाही, कारण पुरावाच नाहीसा झालेला असतो.

एका चमत्कारिक बिघाडाचा उल्लेख करून पुढे जाऊ. १९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. पुढे ट्रान्झिस्टरचे रेडिओ वगैरे आल्यावर पुष्कळांनी जोडणी उलटी करून घेतली. त्या वेळी कॉइलच्या ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असलेल्या टोकांच्या तारा आपसांत बदलायच्या असतात. त्या राहून गेल्या तरी गाडी चालते. पण प्लगच्या मधल्या टोकाऐवजी बाहेरचे टोक ऋण होते. मधले टोक जास्त तापलेले असते आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलट्या जोडणीत हा फायदा जातो आणि ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात. सपाटीवर कळत नाही, घाटात कळते.

बंद पडलेल्या गाडीत दोष कोठे आहे हे शोधण्याची मेकॅनिकची रीत वर्गात सांगण्यासारखी आहे. तो सगळे भाग एकापाठोपाठ तपासत नाही, मधोमध घाव घालतो. कॉइलमधून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी जाड तार काढून तिची ठिणगी पाहायची. ती असेल तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, बॅटरी सगळे एका फटक्यात निर्दोष ठरतात आणि संशय झाकण, फिरते बोट, तारा व प्लग यांवर येतो, म्हणजे गळतीवर. ती नसेल तर दोष प्रवाह वाहण्यात किंवा तुटण्यात आहे. मग कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील बारीक टोकापासून सांगाड्यापर्यंत एक छोटा दिवा जोडायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचे. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर मळ आहे. मुळीच लागला नाही तर प्रवाह तेथवर पोचत नाही किंवा कंडेन्सर आत जोडला गेला आहे. दोन-चार मिनिटांत दहा शक्यतांची एक होते.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ल्यूकसला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याचा विनोद फार जुना आहे. विनोद चांगला आहे, पण आम्हांला तो न्याय्य वाटत नाही. बेकलाइटचे झाकण, कापूस-रबराच्या तारा आणि उघडमीट करणारे पॉइंट ही त्या काळच्या सर्वच गाड्यांची मर्यादा होती. मिठाचा पापुद्रा झाकणावरचे नाव वाचून बसत नाही.

ठिणगीच नको असा मार्गही एक होताच. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली ती बेडफर्डची. बेडफर्डच्या त्या काळच्या बसगाड्या मुख्यतः पेट्रोलवर चालत. नंतरचा काळ डिझेलचा. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन पेटते. डेल्को नाही, प्लग नाही, पुसायला झाकणही नाही. कोकणातल्या पावसात एस.टी. चालू आणि साहेबांची मोटार बंद, हे दृश्य त्यामुळे नवलाचे नव्हते.

मोटारींतही पॉइंटची जागा पुढे ट्रान्झिस्टरने घेतली. प्रवाह तोडणारी टोकेच नाहीत म्हणून फिझो यांच्या कंडेन्सरचे ते काम संपले. आजच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र छोटी कॉइल असते. मधली तार नाही, झाकण नाही, म्हणून गळायला वाटही फारशी नाही. कॉइल मात्र तीच, दोन कुंडलांची.

शाळेत हे दाखवण्यासाठी चालत्या गाडीच्या जाड तारांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये. तो धक्का धोक्याचा असतो आणि जवळ पेट्रोलची वाफ असते. गॅरेजातून टाकाऊ डिस्ट्रिब्यूटर आणून हाताने फिरवून पॉइंटची उघडमीट दाखवता येते. ट्यूबलाइटचा जुना, लोखंडी गाभ्याचा चोक घ्या. त्याला ६ व्होल्टची बॅटरी जोडा आणि एक टोक प्लास्टिकच्या मुठीच्या चिमट्याने धरून लावा-काढा. उघड्या तारांना बोट लागू देऊ नका. चोकच्या दोन टोकांना टेस्टरमधला निऑन दिवा जोडला असेल तर लावताना तो लागणार नाही, काढताना लुकलुकेल. ज्या दिव्याला साठाहून अधिक व्होल्ट लागतात तो ६ व्होल्टच्या बॅटरीवर लागलेला पाहून मुले प्रश्न विचारतातच. नंतर निऑन दिवा काढा, खोलीत अंधार करा आणि तोडण्याच्या जागेवरची ठिणगी पाहा. आता त्या जागेला समांतर छताच्या पंख्याचा जुना कंडेन्सर जोडा आणि पुन्हा तोडून पाहा. ठिणगी किती कमी झाली ते मागच्या बाकावरूनही कळते.